चाहूल-प्रभाव

सोमवार, ३ फेब्रुवारी

वायरी बदलल्या. सगळ्या काळ्या!

कारण काय, तर वार्षिक अहवालासाठी फोटो काढायला माणूस येणार आहे आणि सरांना आपली प्रयोगशाळा ‘एका रंगात’ दिसायला हवी. इतकी वर्षं ज्योत बघणाऱ्या ‘डोळ्या’ची वायर लाल होती, आवाज ऐकणाऱ्या ‘काना’ची निळी. झोपेत लावल्या तरी चुकल्या नसत्या. आता दोन्ही काळ्या, एका जाडीच्या, एका लांबीच्या. जुन्या वायरी सरांनी स्वतःच्या हाताने काढल्या आणि नव्या स्वतःच लावल्या, कारण फोटोवाला तेव्हा तिथेच उभा होता. वायर हातात धरलेले सर छान दिसतात. एरवी ते हातात काही धरत नाहीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आईने परत तोच प्रश्न विचारला. “शेजारच्या बाई विचारतात, मुलगी काय करते? मी काय सांगू?”

आज शांतपणे सांगायचं ठरवलं. म्हटलं, आई, मी एक ज्योत पेटवते. तिच्या खाली स्पीकर असतो. स्पीकर गुणगुणला की ज्योत थरथरते. किती थरथरली ते मी मोजते.

“हात लावून?”

हात लावून नाही ग, बघून. ज्योतीच्या उजेडात एक बारीकसा हिस्सा असतो, जांभळ्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. जिथे खरोखर जळणं चालू आहे तिथूनच तो निघतो. एक खास काच फक्त तेवढाच उजेड आत सोडते आणि मागची नळी तो मोजते. त्या नळीला आम्ही डोळा म्हणतो. ज्योतीच्या बुडाशी माइक असतो, तो कान. कानाने काय ऐकलं आणि डोळ्याने काय पाहिलं याच्या दोन रेघा पडद्यावर उमटतात. आवाज आल्यावर ज्योत किती उशिराने हलली, तो उशीर आम्हाला हवा असतो.

“उशीर कशाला मोजायचा? उशीर टाळायचा असतो.” इति आई.

मग दादाच मदतीला आला. हात धुता धुता म्हणाला, “आई, माझा बॉयलर बोंबलतो ना, त्यासाठी.”

दादा कागद कारखान्यात बॉयलर चालवतो. मोठ्या ज्वालेला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, ती उसळते, त्याने आवाज वाढतो, मग ती आणखी उसळते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढतो तसं. उलट्या वेळी धक्का दिला तर झोका थांबतो. नव्या बर्नरला गॅस मागे-पुढे करणारी एक झडप आहे, ती असा उलटा धक्का देणार. कधी द्यायचा, ते आमच्या आकड्यांवरून ठरणार. आणि हा पहिला बर्नर बसणार दादाच्याच बॉयलरवर.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी सांगते, ती गॅसवर काम करते.”

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नव्या वायरींवरचं पहिलं मोजमाप. ज्योत आवाजाच्या आधी हलते!

थोडीशीच आधी, पण आधी. स्पीकर गुणगुणायच्या आत ही बाई थरथरून मोकळी. ज्याला आम्ही चष्मा म्हणतो तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, प्रोग्राम आणि कॅमेरा त्याच्याकडे. तो पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाला, “हे उलटं दिसतंय.” तेवढ्यात सर आले, म्हणून त्याने ‘उलटं’चं ‘वेगळं’ केलं.

सर बघत राहिले. मग खाली वाकून वायरींकडे बघत राहिले. बराच वेळ. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “म्हणजे बघा—”

आमच्या सगळ्यांच्या माना हलल्या.

“—ज्योतीला चाहूल लागते.”

सोमवार, १० फेब्रुवारी

बारसं झालं. चाहूल-प्रभाव. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ ओढली. व्याख्यानाची तारीख ठरली, सभागृह ठरलं, बर्नर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांना निमंत्रण गेलं. जिन्याजवळ पोस्टरही लागलं: एक ज्योत, शेजारी सर. दोघांपैकी ज्योत किंचित धूसर आली आहे.

जेवणाच्या टेबलावर सगळे गंभीर होते. एकजण म्हणाला, मला तर वर्षभरापासून शंका होती. दुसरा म्हणाला, मीच ती बोलून दाखवली होती. ज्योत आवाजाच्या आधी कशी हलेल, हा प्रश्न कुणीच काढला नाही. मीही नाही.

खरं सांगायचं तर चाहूल-प्रभाव या खात्यात फार पूर्वीपासून आहे. सरांनी ‘म्हणजे’ म्हटलं की माना हलतात. ‘बघा’ नंतर येतं. तो मोजायला डोळा नको आणि कानही नको.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सापडलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी थांबले. ज्योत विझवली, स्पीकर बंद केला, पडदे ओढले. डोळ्यावरची ती खास काच काढली आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्यासमोर धरून चालू-बंद केला. पडद्यावर उड्या कुठली रेघ मारत होती? आवाजाची! खोलीत चिटपाखरू नाही आणि कान ‘ऐकतोय’. मग टाळी वाजवली. ज्योतीची रेघ हलली, ज्योत नसताना.

वायरींची अदलाबदल. डोळ्याची कानाच्या जागी, कानाची डोळ्याच्या जागी. सरांनी फोटोसाठी हसत हसत लावल्या तशाच. एवढंच आहे ते. चाहूलही नाही आणि प्रभावही नाही.

सांगायला गेले. खरंच गेले. दार वाजवलं, आत गेले. सर म्हणाले, “चाहूलबद्दल ना?” म्हटलं, “हो सर.” म्हणाले, “छान.” मी बाहेर आले. माझ्या कण्याबद्दल मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, उद्या पुन्हा त्याच्याच आधाराने खुर्चीत बसायचं आहे.

शेवटी गुपचूप वायरी बदलल्या. अर्ध्या मिनिटाचं काम. उद्या आकडे आपोआप सुलटे येतील, सर म्हणतील हवामान बदललं, कुणाचं मन दुखणार नाही. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ज्योत अजूनही आवाजाच्या आधी हलते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल एकच ओळ लिहिली, कारण दुसरी सुचली नाही.

आज पुन्हा टॉर्च, पुन्हा टाळी. वायरी बरोबर आहेत. डोळा बघतोय, कान ऐकतोय. ज्योत पेटवली, स्पीकर लावला, प्रोग्राम चालवला आणि उत्तर तेच. आधी. सर बरोबर असतील तर? मी ज्याला गाढवपणा समजत होते तो शोध असेल तर?

चष्माही कालपासून पांढराफटक पडलाय. दोनदा माझ्याकडे वळला, दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा म्हणाला, “काही नाही.” मी म्हटलं, “मलाही काही नाही.” असं आमचं बोलणं झालं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मी बाटले. मला सगळीकडे चाहूल दिसायला लागली आहे. दादाची सायकल फाटकाशी यायच्या आत आई चहा ठेवते. वहिनी मी हाक मारायच्या आधी “आले” म्हणते. मग ज्योतीने काय घोडं मारलंय? एवढे सगळे नातेवाईक आधीच हलतात, तर तिनेही हलावं.

जेवताना हे बोलून दाखवलं. वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही रोज एकाच वेळी हाक मारता, म्हणून.” विज्ञानाचा विषय तिथे संपला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. सरांचा कोट नवा, आवाज खर्जातला. “ज्योत ही निव्वळ आग नाही. ती वाट बघते.” टाळ्या. मला माझ्या हातांची लाज वाटली, पण ते वाजत होते.

मागच्या रांगेतून एका पोरसवदा बाईंनी विचारलं, “आवाजाच्या आधीच हलते, तर स्पीकर न लावता हलते का, ते पाहिलंत?” सर म्हणाले, “उत्तम प्रश्न,” आणि पुढचा प्रश्न घेतला.

कंपनीचा इंजिनिअर पहिल्या रांगेत होता. आकडे घेऊन गेला. जाताना सर त्याला कोपऱ्यात घेऊन काहीतरी कुजबुजले. तो हसला, मान डोलावली. पण त्याची मान सरांचं बोलणं पूर्ण झाल्यावर हलली, हे मी पाहिलं. बाहेरचा माणूस आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग हसू बंद झालं.

चहाच्या मशीनशी चष्मा म्हणाला, “एक सांगू? ओरडू नकोस.” म्हटलं, “सांग.”

“त्या वायरी उलट्या लागल्या होत्या. मला पहिल्याच दिवशी कळलं. सरांना कोण सांगणार? म्हणून नाव ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी प्रोग्राममध्ये एक वजा चिन्ह घातलं. गुपचूप. सगळं सुलटं व्हायला हवं होतं. पण झालंच नाही! तेव्हापासून मला झोप नाही. मला वाटायला लागलं, सर—”

“मंगळवारी कधी?”

“सकाळी. तुम्ही सगळे मीटिंगला होतात तेव्हा.”

मी कप खाली ठेवला. त्याने सकाळी उलट्याचं सुलटं केलं आणि मी दुपारी त्याच्या सुलट्याचं परत उलटं केलं. माझ्या टॉर्चला त्याचं वजा चिन्ह दिसणार तरी कसं? ते प्रोग्रामच्या पोटात. दोन शहाण्यांनी एकमेकांच्या पाठीमागे एकच चूक दुरुस्त केली आणि ती टकाटक पुन्हा उभी राहिली! मग दोघेही मनातल्या मनात सरांना शरण गेलो.

वजा काढलं. ज्योत आवाजाच्या नंतर हलली. शहाण्यासारखी, उशिराने. इतकं साधं चित्र बघून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

मग प्रश्न आला कंपनीचा. तिकडे गेलेले आकडे उलटे आहेत, त्यावर झडप धक्का देईल तो नेमका चुकीच्या वेळी. दादा तिथेच उभा असतो. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सरांना सांगू. चष्मा म्हणाला, “अहवाल छापायला गेलाय ग. तो एकदा येऊ दे. कंपनीला आपण सुधारित आकडे पाठवून टाकू, काम भागलं.” आणि खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं. वर ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहून आकडे पाठवले. इंजिनिअरचं उत्तर लगेच आलं: मिळाले, हेच लावतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हलकं वाटतंय. दादाचा बर्नर शुक्रवारी पेटणार.

जेवणं झाल्यावर तो आवाज अडवणारे इअरमफ पुसत बसला होता. पिवळ्या वाट्यांचे, एका बाजूची गादी फाटलेली. ते घालून तो बॉयलरपाशी जातो आणि घरी आल्यावरही अर्धा तास मोठ्याने बोलतो. मी म्हटलं, “या वेळी ते घरीच ठेव. इतका शांत चालेल की तुला डुलकी लागेल.”

“तुझ्या भरवशावर?”

“माझ्याच. आकडे मी स्वतः तपासलेत.”

“मग ठीक आहे. तू लहानपणी माझ्या पतंगाला गाठ मारायचीस, ती कधी सुटली नाही,” म्हणाला, आणि इअरमफ खरंच खुंटीला अडकवून ठेवले. आई म्हणाली, जड डबा न्यायच्या पिशवीत तेवढीच जागा झाली.

मला अभिमान वाटला. घरात कुणी माझ्या कामावर पहिल्यांदाच भरवसा ठेवला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. अहवाल छापून आला होता. खुशीत होते. फोटो दाखवला. काळ्या वायरी, पांढरा कोट.

म्हणाले, “आज तिकडे बर्नर पेटतोय. तुमचे बंधू आहेत ना तिथे? काळजी करू नका. म्हणजे बघा, वायरी उलट्या लागल्यात हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण नाव ठरलं होतं, सभागृह ठरलं होतं. मी त्या इंजिनिअरला खाजगीत सांगून ठेवलंय, आमच्याकडून जे येईल ते उलटं करून लावा. इकडे सिद्धान्त सुरक्षित, तिकडे बॉयलर सुरक्षित.”

माझी मान हलली नाही. मी म्हटलं, “सर, आम्ही ते सुलटं करून पाठवलंय.”

म्हणजे तो इंजिनिअर आता सुलट्याचं उलटं करून लावणार होता.

दादाचा मोबाइल बाहेर कपाटात असतो. इंजिनिअरचा लागत होता, पण तो उचलत नव्हता. चष्मा कारखान्याच्या ऑफिसला फोन लावत होता, सर खुर्चीचा हात धरून उभे होते. मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होते. शेवटी इंजिनिअरने उचलला तेव्हा मी काय बोलले ते त्याला ऐकू गेलं नाही. पलीकडे बोंबलणं चालू होतं. माणसाचं नाही, बॉयलरचं.

शनिवार, १ मार्च

दादा दवाखान्यात. दोन्ही कान. भाजलं वगैरे नाही म्हणून आई देवाचे आभार मानतेय, तिला अजून पुरतं सांगितलेलं नाही.

सोमवार, ३ मार्च

बर्नर आपोआप बंद व्हायला हवा होता. झालाही. उशिराने. तो उशीर कुणी मोजला नव्हता.

वहिनी माझ्याशी नीट बोलते. तेच सहन होत नाही.

सोमवार, १० मार्च

चौकशी समिती बसली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास. कंपनी म्हणाली, आम्हाला जसं सांगितलं तसं आम्ही केलं. सर म्हणाले, संवादात त्रुटी राहिली. चष्मा म्हणाला, मी फक्त प्रोग्राम बघतो. एकेकाने कानांवर हात ठेवले. दादाला तेवढाही वेळ मिळाला नव्हता.

मी सगळं सांगितलं. वायरी, टॉर्च, वजा चिन्ह, ‘किरकोळ सुधारणा’, सरांची कुजबुज. मोठ्याने, न थांबता सांगितलं. इअरमफचंही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “बाकीची नोंद घेतलीय. इअरमफची ही घरगुती बाब झाली, ती वगळू.”

मला ती वगळायची नव्हती. बाहेर जिन्यात बसून रडले. पोस्टरसमोरच.

शुक्रवार, १४ मार्च

सरांचा नवा लेख तयार आहे. ‘मोठ्या ज्वालेत चाहूल-प्रभाव उलटा का होतो?’ मीटिंगमध्ये विषय निघाला. “म्हणजे—” माना हलल्या. चष्म्याचीही. त्याने नंतर माझ्याकडे पाहिलं नाही.

वायरी पुन्हा बदलल्या. एक लाल, एक निळी. खरेदीच्या कागदावर कारण लिहिलंय: सौंदर्य.

मी राजीनामा लिहिला. सरांनी तो वाचायच्या आधीच सही केली.

रविवार, १६ मार्च

दादा घरी आला. कानांचे डॉक्टर म्हणतात, एका कानाचं थोडं परत येईल कदाचित. तो आता ऐकत नाही, बघतो. बोलणाऱ्याच्या तोंडावर नजर रोखून बसतो.

चहा घेऊन समोर गेले. किती दिवस पाठ केलेलं वाक्य होतं. तोंड उघडलं, ओठ हलले, पण घशातून आवाज निघेना.

तो म्हणाला, “असू दे ग.”